ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरी कसं बदलावं: जुन्या होंडा सिटीच्या उदाहरणासह

इंजिन ऑइल आपण न चुकता बदलतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल मात्र लाखभर किलोमीटर झाले तरी कित्येकांनी एकदाही बदललेलं नसतं. विचारायला गेलं तर एक जण सांगतो ‘काही गरज नाही’, दुसरा मशीन लावून सगळं तेल उपसून काढायचा मोठा खर्च पुढे ठेवतो. यात एक मधला मार्ग आहे. गिअरबॉक्सच्या तळाचा, तेल सोडायचा ड्रेन बोल्ट काढून जेवढं तेल सहज निघेल तेवढं सोडायचं आणि मोजून तेवढंच नवं भरायचं. हे घरी करता येतं, आणि जुन्या गिअरबॉक्सला हीच पद्धत जास्त सोसते असं माझं मत आहे.

मी हे काम होंडा सिटीच्या तिसऱ्या पिढीच्या गाडीवर शिकले. भारतात ती २००८ च्या अखेरीस आली, आणि तिच्या ऑटोमॅटिकमध्ये पाच गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) आहे. खालची सगळी मापं त्याच गाडीची आहेत. तुमची गाडी वेगळी असेल तर पायऱ्या वाचा, पण आकडे तुमच्या हातपुस्तिकेतून घ्या. ताकद फारशी लागत नाही. तेल नेमकं कोणतं आणि ते नेमकं किती, या दोन गोष्टी चुकल्या नाहीत तर बाकीचं निभावतं.

१. तुमच्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे ते आधी ओळखा

क्लच पेडल नाही म्हणून सगळ्या गाड्यांना आपण ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो. आत मात्र चार वेगळ्या जातीची यंत्रं असतात आणि चौघांची तेलं वेगळी.

एएमटी, म्हणजे मारुतीच्या भाषेत एजीएस, २०१४ च्या सेलेरिओपासून घरोघरी पोचला. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच आणि गिअर यंत्र बदलतं एवढंच. त्यात मॅन्युअलचं गिअर ऑइल असतं आणि गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक तेल वेगळं. हा लेख त्याच्यासाठी नाही.

सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली असतात. २०१४ पासूनच्या पेट्रोल ऑटोमॅटिक सिटीत हाच आहे आणि त्याला होंडाचं एचसीएफ-२ हे तेल लागतं. सिटी सिटीच, म्हणून जुन्या गाडीचं तेल नव्या गाडीत ओतलं तर पट्टा घसरून गिअरबॉक्स कायमचा जाऊ शकतो. ड्युअल क्लचवाल्या गाड्यांचं (फोक्सवॅगनचा डीएसजी, ह्युंदाईचा डीसीटी) तेल आणि पद्धत आणखी निराळी. नवख्या माणसाने त्याला घरी हात लावू नये.

राहिला टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, एक्सयूव्ही ७००, सहा गिअरची ब्रेझा आणि आपली जुनी सिटी या गटात येतात. यातही एक फरक बघा. जुन्या सिटीच्या गिअरबॉक्सला स्वतःची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची कमी-जास्तच्या दोन खुणांची पट्टी, आहे. बऱ्याच नव्या गाड्यांना ती नसते. त्यांच्यात तेलाचं ठरावीक तापमान स्कॅनरवर बघत, इंजिन चालू ठेवून, एका छोट्या बोल्टातून जादाचं तेल ओघळू द्यावं लागतं. पहिलंवहिलं काम म्हणून ते घेऊ नका. डिपस्टिक असेल तरच पुढे चला.

आणि गाडी अजून वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या आणि पक्कं बिल ठेवा.

२. बदलायची वेळ झाली का? आणि कधी बदलू नये?

डिपस्टिक काढून तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. नवं तेल लाल आणि पारदर्शक दिसतं. वापरातलं तेल हळूहळू तपकिरी होतं. तपकिरी झालं पण वास ठीक आहे, गिअर नीट पडतात, तर बदलायची हीच योग्य वेळ.

काळं तेल, जळका वास, आणि गाडी गिअरमध्ये घसरते आहे, म्हणजे इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही: ही तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर आतल्या क्लचच्या चकत्या झिजल्या आहेत. नवं तेल घालून त्या भरून येत नाहीत. अशी गाडी थेट गिअरबॉक्सच्या जाणकाराकडे न्या.

तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी चालूच करू नका. ज्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो, तिथे तो फुटला की कूलंट तेलात मिसळतं आणि असं होतं. गाडी उचलून न्यायची.

‘हे तेल आयुष्यभर चालतं’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिकसाठी वापराप्रमाणे ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. यंत्र बनवणाऱ्याचं म्हणणं मला जास्त पटतं. या तेलाला एकाच वेळी चार कामं असतात: पंपाच्या दाबाने क्लच दाबून धरायचे, टॉर्क कन्व्हर्टरमधून जोर पुढे पोचवायचा, दाते वंगणात ठेवायचे आणि उष्णता बाहेर न्यायची. उष्णतेने त्याचे गुण कमी होतात, आणि उन्हाळ्यात रांगेत रखडत किंवा घाट चढत चालणारी गाडी हे तेल सपाट महामार्गावरच्या गाडीपेक्षा लवकर जाळते. आपल्याकडच्या शहरी वापराला मी ४०,००० किलोमीटरचा हिशोब धरते.

३. सामान आणि कागद

- होंडा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) डीडब्ल्यू-१, तीन लिटर. जुन्या हातपुस्तिकेत ‘झेड-१’ लिहिलेलं आढळेल. डीडब्ल्यू-१ त्याच्याच जागी आलं आहे आणि चालतं.
- ड्रेन बोल्टाचा नवा ॲल्युमिनियम वॉशर, १८ मिमी.
- तीन सूत, म्हणजे ३/८ इंची रॅचेट. दुकानदार सवयीने चार सुती काढून देतो, ती या बोल्टात जाणार नाही.
- टॉर्क पान्हा, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच बोल्ट आवळता येतो तो पान्हा. विकत घेणं जड वाटत असेल तर ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणा, पण त्याशिवाय बसू नका.
- जॅक, दोन जॅक स्टँड आणि मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे.
- पाच लिटर मावेल असं पसरट भांडं, मिलिलिटरच्या खुणा असलेला जग, आणि लांब, बारीक नळीचं नरसाळं.
- धागे न सुटणारं कापड. गॅरेजमध्ये हात पुसायला वापरतात ते कॉटन वेस्ट डिपस्टिकला लावू नका. त्याचा एक धागा आत गेला तर झडपांच्या बारीक वाटांत अडकू शकतो.
- हातमोजे, चष्मा, जुनी वर्तमानपत्रं.
- गाडीची हातपुस्तिका, तेलाचं बिल आणि नोंदीची वही.

तेल आणि वॉशर कंपनीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरवरून बिलासह घ्या आणि डब्याचं सील तिथेच तपासा. बनावट तेलाचा धंदा आपल्याकडे मोठा आहे. ‘सगळ्या ऑटोमॅटिकना चालतं’ असं लिहिलेला स्वस्त डबा या कामासाठी नको.

४. जागा आणि गाडी उचलणं

जमीन सपाट आणि पक्की हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी सेक्रेटरींना सांगा आणि फरशीवर जाडसर पुठ्ठा पसरा, या तेलाचा डाग सिमेंटमधून जाता जात नाही. पेव्हर ब्लॉकवर जॅक स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली जाड फळी घाला.

गाडी प्रत्यक्ष उचलायची ती पुढची पाचवी पायरी झाल्यावर, पण कशी ते आधीच वाचून ठेवा. लिव्हर ‘पी’वर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. पुढचा भाग उचलून जॅक स्टँडवर ठेवला की गाडीला हाताने जोरात हलवून बघा. डगमगली तर खाली उतरवून पुन्हा ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, ‘एकच मिनिट’ म्हणूनसुद्धा नाही. विटांचा टेकूही नको, वीट भार आल्यावर काही न सांगता फुटते. आणि एकटे असताना हे काम करू नका, घरातलं कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं.

५. तेल कोमट करा, आधी पातळी बघा

गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा. सपाट जागी उभी करून, ब्रेक दाबून ठेवून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद न्या आणि ‘पी’वर आणून इंजिन बंद करा. होंडाची पातळी इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायची असते. इतर अनेक कंपन्या इंजिन चालू ठेवून बघायला सांगतात, म्हणून दुसऱ्या गाडीच्या सवयीवर जाऊ नका. सध्याची पातळी वहीत लिहून ठेवा.

आता अर्धा-पाऊण तास थांबा. फिरून आलेल्या गाडीचं तेल हात भाजेल इतकं तापलेलं असतं. कोमट तेल पातळही असतं आणि हाताला सोसतं.

याच वेळी डिपस्टिकच्या भोकातून नरसाळ्याची नळी आत जाते का ते करून बघा, कारण नवं तेल तिथूनच भरायचं आहे. दुसऱ्या एखाद्या गाडीला भरायचा वेगळा बोल्ट असेल तर तो आधी उघडा आणि मगच ड्रेन बोल्टाला हात लावा. तेल सगळं सोडून दिल्यावर भरायचा बोल्ट गंजून जाम झालेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही.

६. बोल्ट नेमका कोणता?

या कामातला सगळ्यात महागात पडणारा घोळ इथे होतो. गाडीखाली गेल्यावर दोन ड्रेन बोल्ट दिसतात, एक इंजिनाचा आणि एक गिअरबॉक्सचा. इंजिन ऑइल बदलायला बसलेला माणूस भलताच बोल्ट उघडून गिअरबॉक्स रिकामा करतो, आणि मग भरलेल्या इंजिनात वरून आणखी तीन-चार लिटर इंजिन ऑइल ओततो. एका इंजिनाला दुप्पट तेल आणि गिअरबॉक्स कोरडा, अशी गाडी थोडी जरी चालवली तरी दोन्हीकडे नुकसान.

ओळखायची खूण सोपी आहे. इंजिनाच्या बोल्टाला बाहेरून षटकोनी डोकं असतं, त्याला १७ मिमीचा पान्हा बसतो. गिअरबॉक्सच्या बोल्टाच्या मधोमध चौकोनी खाच असते आणि तीन सुती रॅचेटचं टोक, सॉकेट न लावता, थेट त्या खाचेत बसतं. जागाही वेगळी: गाडीत बसल्यावर डाव्या हाताला, म्हणजे शेजारच्या सीटच्या बाजूला गिअरबॉक्स असतो, आणि बोल्ट डाव्या पुढच्या चाकाच्या अंगाने, गिअरबॉक्सच्या तळाशी सापडतो.

खाचेतली माती टोकदार काडीने उकरून काढा. रॅचेट अर्धवट बसलेली असताना जोर लावला तर खाचेचे कोपरे गोल होतात, आणि मग तो बोल्ट काढायला वेल्डिंगवाला शोधावा लागतो.

७. तेल सोडा, मोजा आणि बोल्ट बघा

गाडीची किल्ली खिशात ठेवा आणि स्टिअरिंगवर कागद चिकटवा: ‘गिअरबॉक्समध्ये तेल नाही, चालू करू नये’. घरात गाडी चालवणारे दोघं-तिघं असतील तर हा कागद हवाच.

बोल्ट रॅचेटने सैल करा आणि शेवटचे आटे हाताने फिरवा. धार सुरुवातीला सरळ खाली पडत नाही, आडवी उडते, म्हणून भांडं थोडं पुढे सरकवून ठेवा. जोर ओसरला की ते परत बोल्टाखाली ओढून घ्या. धार तुटून थेंब पडायला लागले तरी वीसेक मिनिटं गळू द्या.

तोवर बोल्ट हातात घ्या. त्याच्या टोकाला चुंबक असतो आणि त्यावर करडा-काळा थर जमलेला दिसेल. बोटांमध्ये चोळून बघा. काजळासारखा मऊ लागला तर ती क्लच आणि दात्यांची रोजची झीज आहे, काळजी नको. बोटाला टोचणारे कण, चमकणारे तुकडे, किंवा दात्याचा कपचा हाताला लागला तर फोटो काढून ठेवा आणि गिअरबॉक्सवाल्याला दाखवा. बोल्ट पुसून लख्ख करा आणि जुना वॉशर काढून टाका. तो कधीकधी बोल्टाला इतका घट्ट चिकटतो की बोल्टाचाच भाग वाटतो. जुन्यावर नवा चढवलात तर तेल झिरपत राहील.

निघालेलं तेल जगाने मोजा. या गाडीतून सुमारे अडीच लिटर निघतं. तेल तापल्यावर फुगतं, हे मोजताना लक्षात ठेवा. ८५ अंशांचं अडीच लिटर तेल ३० अंशांवर आलं की साधारण १०० मिलिलिटरने कमी भरतं. म्हणून जुनं तेल हवेइतकं थंड झाल्यावरच मोजलेला आकडा वहीत लिहा, कारण नवं तेलही तुम्ही थंडच भरणार आहात.

८. बोल्ट बसवणं

नवा वॉशर घालून बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवा. चार-पाच आटे सहज गेले पाहिजेत. अडला तर जोर लावू नका, काढून पुन्हा सरळ धरून लावा. शेवटी टॉर्क पान्ह्याने ४९ न्यूटन-मीटरला आवळा. गिअरबॉक्सचं आवरण ॲल्युमिनियमचं आहे आणि बोल्ट पोलादी. जास्त आवळला तर आटे आवरणाचे जातात, बोल्टाचे नाही, आणि आवरण बदलणं म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणं आलं.

मग गाडी जॅक स्टँडवरून उतरवून चारही चाकांवर सपाट उभी करा.

९. भरणं आणि पातळी जुळवणं

सुरुवातीची पातळी खुणांच्या मध्ये होती ना? मग जेवढं निघालं त्यापेक्षा २०० मिलिलिटर कमी भरा. आधीच कमी असेल तर निघालं तेवढं सगळं भरा. डिपस्टिकचं भोक अरुंद आहे, ओतायला वेळ लागतो. हवा अडकून नरसाळ्यात तेल तुंबलं तर नळी थोडी वर उचला. ओघळ सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर जाऊ देऊ नका, सांडलं तर इंजिन चालू करण्याआधी पुसून घ्या.

आता इंजिन चालू करा. ब्रेक घट्ट दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असं प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत न्या आणि परत ‘पी’वर आणा. रेडिएटरचा पंखा फिरायला लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा, बंद करा, आणि त्याच ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा.

इथे नवख्यांची फसगत होते. तेल त्याच भोकातून ओतलेलं असल्यामुळे आतली भिंत ओली असते आणि काढताना डिपस्टिकवर वरपर्यंत तेलाचे फराटे उमटतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना अखंड ओली रेघ कुठे संपते ते बघा आणि त्यातली जी खाली असेल ती पातळी खरी धरा. दोन-तीनदा काढून एकच उत्तर येत नसेल तर गाडी तासभर उभी ठेवा, पुन्हा तापवा, पुन्हा बघा. कमी असेल तर १०० मिलिलिटर घाला आणि सगळं परत करा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे झुकलेली हवी.

‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा हिशोब इथे चालत नाही. पातळी जास्त झाली की आतली फिरणारी गिअरची चाकं तेल घुसळून फेस करतात, फेसात हवा असते आणि हवेने क्लच दाबला जात नाही. कमी पडलं तर पंप स्वतःच हवा ओढतो आणि ‘डी’ टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग निघते. परिणाम दोन्हीकडे तोच. जास्त झालंच असेल तर मोठ्या सिरिंजला बारीक नळी जोडून डिपस्टिकच्या भोकातून ओढून घ्या.

घराभोवती एक फेरी मारून या आणि बोल्टाखाली कोरडा पुठ्ठा ठेवून सकाळी बघा. आठवड्याने पातळी पुन्हा एकदा तपासा.

१०. एवढ्याने किती तेल बदललं?

सगळं नाही. निम्म्याहून जास्त तेल टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांत अडकून राहतं. हिशोबाला एकूण ६ लिटर धरा. अडीच लिटर बदललं की ४२ टक्के तेल नवं झालं. आठ-दहा दिवस गाडी नेहमीसारखी चालवून पुन्हा अडीच बदललं की ६६ टक्के, तिसऱ्या वेळी ८० टक्के. चौथ्यापासून खर्चाच्या मानाने फायदा उरत नाही.

वर्षानुवर्षं हात न लावलेल्या गिअरबॉक्ससाठी मी हीच टप्प्याटप्प्याची पद्धत सुचवेन, दाबाने तेल उपसणारं मशीन नाही. तेल नियमित बदललं जात असेल तर दर वेळी एकच फेरी पुरे. प्रत्येक फेरीला वॉशर नवा, आणि वहीत तारीख, किलोमीटर, निघालेलं आणि भरलेलं तेल लिहा. गाडी विकताना ही वही आणि तेलाची बिलं घेणाऱ्याला दाखवता येतात.

११. जुन्या तेलाचं काय करायचं

नाल्यात, गटारात, मातीत ओतायचं नाही. भारतात वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवं. आपल्यासाठी सोपा मार्ग म्हणजे जुनं तेल नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरून, झाकण घट्ट लावून, अशा मोठ्या सर्व्हिस सेंटरला द्यायचं जे त्यांचं जुनं तेल अधिकृत खरेदीदाराला देतात. नेण्याआधी फोन करून विचारा. त्यात पेट्रोल, कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू नका, मिसळलेलं तेल कोणी घेत नाही.

तोवर ते पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लाल तेल बघून लहान मुलं सरबत समजून तोंडाला लावू शकतात. डब्यावर मार्करने ‘जुनं गिअर ऑइल’ लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.